उधारीच्या वहीतून उठलेलं गाणं

केंटकी राज्याच्या पश्चिम भागात म्युलेनबर्ग नावाची काउंटी आहे. माझ्या काकांनी उभी हयात तिथे डॉक्टरकी केली. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून ते अमेरिकेत गेले, शिकागोत पुढचं शिक्षण घेतलं आणि छातीच्या विकारांचे डॉक्टर म्हणून सत्तरच्या दशकात या कोळशाच्या मुलखात येऊन राहिले. मोठ्या शहरांतले डॉक्टर अशा आडगावी यायला फारसे राजी नसत. त्यामुळे त्या काळात केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणगावांच्या दवाखान्यांवर भारतीय नावांच्या पाट्या दिसू लागल्या होत्या. काकांची पाटी त्यांतलीच एक.

त्यांना तिथे काम मिळालं तेही कोळशामुळेच. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं गेली. देश हादरला, आणि पुढच्या डिसेंबरात खाणकामगारांच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा झाला. कोळशाच्या धुळीने ज्यांची फुप्फुसं निकामी झाली त्यांना दरमहा भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. भत्ता हवा तर आजार सिद्ध करायला हवा. म्हणून म्हातारे खाणकामगार छातीचा एक्स-रे बगलेत धरून काकांकडे येत.

काका सांगत, "अगं, तपासायला दहा मिनिटं लागायची आणि बोलायला तास. मी चांद्याचा, आमच्या घरामागे खदान होती, हे एकदा कळलं की माणूस खुर्ची पुढे ओढून बसायचा."

या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक गाणं हटकून यायचं, 'सिक्स्टीन टन्स'. १९५५ च्या अखेरीस टेनेसी अर्नी फोर्डने गाऊन जगभर पोहोचवलेलं हे गाणं म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक. जग ते फोर्डचं म्हणून ओळखतं. म्युलेनबर्गमध्ये ते मर्ल ट्रॅव्हिसचं, आणि म्हाताऱ्यांच्या मते तर मर्लच्याही आधी त्याच्या बापाचं, रॉब ट्रॅव्हिसचं. हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट होती. तिच्याकडे मी येतेच.

आधी कोळसा कसा भरत ते सांगायला हवं, कारण गाण्याचं बळ त्या तपशिलात आहे. पश्चिम केंटकीत मुख्यतः जो कोळसा काढत तो 'नऊ नंबर'चा थर, साधारण पाच फूट जाडीचा. उंच माणसाला त्यात दिवसभर वाकूनच वावरावं लागे. कोळशाचेच खांब राखून मधल्या जागा खणत. त्या जागेला खोली म्हणत, आणि प्रत्येकाची खोली ठरलेली. टोपीला कार्बाइडचा दिवा अडकवून माणूस आपल्या खोलीत जायचा. कुशीवर आडवं होऊन कोळशाच्या भिंतीला तळाशी टिकावाने खाच पाडायची, छातीने रेटत गिरमिटाने भोकं पाडायची, त्यांत काळी दारू ठासून सुरुंग उडवायचा. धूर ओसरला की रुंद फावड्याने कोळसा गाडीत चढवायचा. दगड निवडून बाजूला काढायचा, कारण गाडीत दगड सापडला तर पैसे कापले जात. भरलेल्या गाडीला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला लावायचा. गाडी वर गेली की वजनकाट्यावर त्या बिल्ल्याच्या नावावर टन चढत. पैसे मिळत ते फक्त टनांचे. छताला लाकडी टेकू देणं, रूळ टाकणं, साचलेलं पाणी उपसणं, यांतल्या कशालाही बहुतेक ठिकाणी मजुरी नव्हती. जीव वाचवण्यासाठी टेकू द्यायचा, त्यात घालवलेल्या तासाचा कोळसा बुडायचा आणि त्याची भरपाई कुणी करत नसे. छत कोसळून इतकी माणसं का मेली, याचं निम्मं उत्तर मला या हिशोबात सापडतं.

अमेरिकन टन म्हणजे सुमारे ९०७ किलो. सोळा टन म्हणजे साडेचौदा हजार किलो कोळसा, एका माणसाने एका पाळीत फावड्याने उचललेला. आकडा गाण्यासाठी फुगवलाय का, असं काकांनी पुष्कळांना विचारलं होतं. रोजचं काम आठ-दहा टनांचं, असं बहुतेकांचं उत्तर. सोळा भरणारे गडी होते, पण विरळा. एकाने सांगितलं होतं की नवा पोरगा खाणीत उतरला की जुने लोक पहिल्याच दिवशी त्याच्याकडून सोळा टन भरून घेत. मिसरूड न फुटलेल्या पोराची ती परीक्षा. तो स्वतः त्या परीक्षेतून गेला होता, आणि पंचाहत्तरीतही तो दिवस सांगताना त्याचे खांदे हलत होते.

आणि मग दुकान. खाण कंपनीची, वस्तीतली घरं कंपनीची, डॉक्टर कंपनीचा, दुकानही कंपनीचंच. पगाराच्या आधी पैसे लागले तर खिडकीवर जाऊन झालेल्या कामापोटी उचल घ्यायची. ती डॉलरमध्ये मिळत नसे. कंपनीचं नाव ठोकलेली, बऱ्याचदा मधे भोक पाडलेली धातूची नाणी मिळत. त्यांना स्क्रिप म्हणत. ती चालत कंपनीच्याच दुकानात. बाहेर कुणी घेतलीच तर बट्टा कापून. पगाराच्या दिवशी घरभाडं, सुरुंगाची दारू, कार्बाइड, डॉक्टरची वर्गणी, हत्यारांना धार लावल्याचे पैसे आणि घेतलेली उचल, सगळं आधी वजा व्हायचं आणि मग पाकीट हातात यायचं. एका पेशंटने काकांना असं एक नाणं भेट दिलं होतं. त्याची आई असल्या नाण्यांवर पीठ आणि रॉकेल आणायची. खरा डॉलर आपण पहिल्यांदा कधी हातात धरला, हे तो सांगू शकत होता.

काकांना हे ऐकताना नवल वाटत नसे, कारण आमच्या घरात वही होती. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, वर्धा नदीच्या काठच्या एका खाजगी खदानीत मुनशी होते. चौथी शिकलेले, अक्षर सुरेख. कोळशाचे टब मोजायचे आणि ते भरणाऱ्या लोडरच्या नावापुढे रेघ मारायची, हे त्यांचं काम. आमच्याकडेही लोडरला मजुरी टबावर, आणि टब काठोकाठ नसेल तर कपात. खदानीबाहेर किराण्याचं दुकान होतं, ठेकेदाराच्या मेव्हण्याचं. तांदूळ, मीठ, तंबाखू, लुगडं, सगळं उधार. हप्त्याच्या दिवशी दुकानाची वही आबाजींच्या टेबलावर यायची. ते मजुरीतून उधारी वजा करत आणि उरलं असेल ते माणसाच्या हातावर ठेवत. स्क्रिप इथे नव्हती, नाणी सरकारचीच होती. पण कित्येकांच्या तळहातावर ती हप्त्यानंतर फार वेळ टिकत नसत. तिथूनच ती दुकानाकडे जात. काका लहानपणी त्या टेबलाखाली बसून पाटीवर बेरजा करायचे. म्हणून म्युलेनबर्गचा म्हातारा दुकानाबद्दल बोलू लागला की ते बोलणं त्यांना ओळखीचं वाटायचं.

मर्ल ट्रॅव्हिसचा जन्म २९ नोव्हेंबर १९१७ चा, म्युलेनबर्गमधल्या रोझवूडचा. पुढे कुटुंब एबनेझरला आलं. बाप रॉब आधी तंबाखूची शेती करायचा, नंतर खाणीत लागला. मुलांपैकीही काही खाणीत गेले. मर्ल मात्र खाणकामगार कधीच झाला नाही. बाप पाच तारांचा बॅंजो वाजवायचा, त्यामुळे मर्लच्या हाती आधी बॅंजो आला. त्याची पहिली गिटार भावाने, टेलरने, घरीच बनवून दिली.

गिटार वाजवायची रीत तर त्याला कोळशाच्या याच पट्ट्यात मिळाली, आणि त्या रीतीची वंशावळ सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शेजारच्या ओहायो काउंटीत आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक काळा वादक होता. मजुरी करायचा, फिडल आणि गिटार घेऊन नाचाच्या रात्री गावोगाव वाजवायचा. त्याचं वाजवणं ऐकून केनेडी जोन्स शिकला. जोन्सकडून मोझ रेजर आणि आइक एव्हर्ली शिकले. दोघांनीही खाणीत काम केलेलं. पुढे जगाने ज्यांना एव्हर्ली ब्रदर्स म्हणून डोक्यावर घेतलं त्यांचा हा आइक बाप. पोरसवदा मर्ल रेजर आणि एव्हर्लीच्या मागे मागे असायचा आणि त्यांच्या बोटांकडे टक लावून बघायचा. अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर ठेका धरतो आणि तर्जनी वरच्या तारांवर चाल वाजवते. एका गिटारीत दोन माणसं वाजवत असल्याचा भास होतो. जगभर या पद्धतीला आता 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात. चेट ॲटकिन्सने कोवळ्या वयात मर्लला रेडिओवर ऐकलं. एवढं सगळं अंगठा आणि एका बोटात होतं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो जास्त बोटं वापरून तसं वाजवायला शिकला आणि त्याची स्वतःची शैली झाली. डॉक वॉटसनने आपल्या मुलाचं नाव मर्ल ठेवलं ते याच ट्रॅव्हिसवरून. आणि आर्नल्ड शुल्ट्झ? तो १९३१ मध्ये गेला. त्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही. इतकी माणसं ज्याच्या हातून आलेलं वाजवतात त्याचा हात कसा वाजायचा, हे आज कुणालाच ऐकता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

मर्ल तरुणपणीच घराबाहेर पडला. सिनसिनाटीच्या रेडिओ स्टेशनवर नाव झालं, आणि १९४४ मध्ये तो लॉस एंजेलिसला जाऊन स्थायिक झाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये युद्धवार्ताहर अर्नी पाइल ओकिनावाजवळच्या इए शिमा बेटावर मारला गेला. पायदळातल्या साध्या शिपायाबद्दल लिहिणारा हा माणूस अमेरिकेत घरोघरी वाचला जायचा. मर्लच्या भावाने, जॉनने, त्याबद्दल हळहळून पत्र लिहिलं आणि ओघात खाणीतल्या कामाशी तुलना केली: दिवसभर टनांनी कोळसा भरावा आणि संध्याकाळी हिशोबाला बसावं तर वाढलेलं असतं ते वय आणि देणं. या पत्राला मर्लने बापाचं एक नेहमीचं बोलणं जोडलं. कुणी कसं काय विचारलं की रॉब म्हणायचा, मरणं काही आपल्याला परवडायचं नाही. दुकानाचं देणं जिवाच्या पलीकडे गेलंय. मर्लने पुढे हे सगळं स्वतःच वेळोवेळी सांगितलं. गाण्याचा पाया भावाने आणि बापाने घातला, हे त्याने लपवलं नाही.

ऑगस्ट १९४६ मध्ये हॉलिवूडला रेकॉर्डिंग झालं. बर्ल आइव्ह्जच्या लोकगीतांच्या रेकॉर्ड तेव्हा खपत होत्या आणि कॅपिटॉल कंपनीला तसाच एक संच हवा होता. मर्लचं म्हणणं, लोकगीतं तर सगळी आइव्ह्जने गाऊन टाकली. मग नवी लिही, असं उत्तर आलं. त्याने लिहिली. त्यांतलं 'डार्क ॲज अ डंजन' तर मैत्रिणीला भेटून मोटारसायकलवरून परतताना रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबून लिहिलं, असं तो सांगायचा. 'सिक्स्टीन टन्स'ही याच संचातलं. साथीला स्वतःची गिटार, आणि गाण्याआधी खाणकामगारांबद्दल चार शब्द. १९४७ मध्ये 'फोक साँग्ज ऑफ द हिल्स' या नावाने संच निघाला.

तो काळ बघावा. १९४६ च्या वसंतात देशभरचे कोळसा कामगार संपावर होते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या. मे महिन्यात जॉन एल. लुइस यांच्या युनियनशी करार झाला आणि निघणाऱ्या प्रत्येक टनामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याण निधीत जाऊ लागले. पुढच्या मार्चमध्ये इलिनॉयमधल्या सेंट्रेलियाच्या खाणीत स्फोट होऊन १११ माणसं मेली. वर्तमानपत्रं कोळशाने भरलेली होती, आणि कोळशावरची इतकी खरी गाणी असलेला संच दुकानांत पडून राहिला. त्याच मर्लची थट्टामस्करीची गाणी तेव्हा कंट्रीच्या यादीत महिनोन् महिने पहिल्या नंबरावर होती. युद्धातून परतलेल्या लोकांना नाचायचं होतं. त्यांना दोष देता येत नाही.

फोर्ड हा टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावचा. रेडिओवर निवेदक म्हणून सुरुवात केली, सिनसिनाटीत आवाजाचं रीतसर शिक्षण घेतलं, युद्धानंतर कॅलिफोर्नियात राहिला. तिथे क्लिफी स्टोनच्या 'होमटाउन जॅंबोरी'त तो आणि मर्ल एकत्र काम करत, त्यामुळे हे गाणं त्याच्या कानावरचं. त्याच्याही घरात आजोबांनी कोळशाची खाण पाहिलेली. १९५५ मध्ये तो एनबीसीवर रोज दुपारी टीव्हीचा कार्यक्रम करत होता, आणि कॅपिटॉलसाठी गाणी द्यायची मुदत टळून चालली होती. कार्यक्रमात त्याने 'सिक्स्टीन टन्स' म्हटलं तर पत्रांचा ढीग आला. इंडियानाच्या राज्य जत्रेत म्हटलं तर हजारोंच्या गर्दीने उचलून धरलं. सप्टेंबरात तो स्टुडिओत गेला.

मर्लच्या गिटारीची जागा जॅक फॅसिनाटोने बांधलेल्या पाच-सहा वादकांच्या ताफ्याने घेतली. क्लॅरिनेट हळूच डोकावते, बाकी सगळं मोकळं ठेवलेलं, आणि त्या मोकळ्या जागेत फोर्डचा खर्जातला आवाज. लय किती ठेवायची हे वादकांना कळावं म्हणून फोर्डने बोटांनी चुटक्या वाजवल्या. काचेपलीकडून निर्माते ली जिलेट यांनी ते ऐकलं आणि सांगितलं, चुटक्या राहू दे. कॅपिटॉलने हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घातलं; पुढची बाजू होती 'यू डोन्ट हॅव टु बी अ बेबी टु क्राय'. १७ ऑक्टोबर १९५५ ला रेकॉर्ड बाजारात आली. रेडिओवाल्यांनी ती उलटी करून वाजवली. अकरा दिवसांत चार लाख प्रती खपल्या, महिन्याच्या आत दहा लाखांवर, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत वीस लाख. कंट्रीच्या यादीत दहा आठवडे पहिला नंबर, पॉपच्या यादीतही पहिला. जानेवारी १९५६ मध्ये इंग्लंडातही पहिला.

चुटक्यांनी गाणं पातळ झालं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. मर्लचं मूळ गाणं ऐकताना आपण खाणकामगाराचं दुःख ऐकायला बसतो. फोर्डचं ऐकताना त्या माणसाची ताठ मान दिसते. देण्यात बुडालेला असूनही तो रस्त्याने चालताना कुणाला वाट देत नाही. तो तोरा मर्लच्या शब्दांत होताच, चुटकीने तो वर आणला. काकांचे पेशंट कीव करून घ्यायला तयार नसत. खोकला आवरत ते हे गाणं म्हणत आणि हाताच्या चुटक्या वाजवत.

त्यांतल्या एकाची गोष्ट काका नेहमी सांगत. १९५० नंतर खाणीत कोळसा कापून भरणारी यंत्रं झपाट्याने आली. युनियननेही ती मान्य केली. थोड्या माणसांना का होईना, चांगला पगार मिळेल, असा त्यामागचा विचार. दहा वर्षांत देशातल्या कोळसा कामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली. हा पेशंट त्या लाटेत बाहेर पडला आणि डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात लागला. १९५५ च्या हिवाळ्यात पाळी संपवून तो एका बारमध्ये बसला होता आणि ज्यूकबॉक्सवर हे गाणं लागलं. आजूबाजूचे सगळे ठेका धरत होते. फावडं हातातून जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आता अख्खा देश फावड्याचं गाणं गात होता. तो म्हणाला, मला आनंद झाला डॉक्टर, पण वाटलं की हे दहा वर्षं आधी का नाही वाजवलंत?

गाणं गाजल्यावर हझार्ड गावच्या जॉर्ज डेव्हिस या खाणकामगार गायकाने, पूर्व केंटकीत हे गाणं आपणच तीसच्या दशकात केलं होतं, असा दावा केला. त्याच्या गाण्यात टनांचा आकडा लहान होता. दावा कुठे टिकला नाही. पण बाप-भावांच्या तोंडी असलं बोलणं साऱ्या कोळसापट्ट्यात होतं, आणि दुसऱ्या कुणाला त्याचं गाणं सुचणं अशक्य नव्हतं. दुसरा वाद अर्थशास्त्रातला. १९८६ मध्ये प्राइस फिशबॅक या अभ्यासकाने जुन्या हिशोबांवरून दाखवलं की कंपनीच्या दुकानांचे भाव सगळीकडे अवाच्या सवा नव्हते आणि बरेच कामगार पगाराच्या दिवशी काही रोख रक्कम घेऊन जात. मी ते खरं मानते. रॉब ट्रॅव्हिसही ते खरं मानेल. पण ज्याची उचल फिटली नाही त्याचं काय होतं, हे सरासरीतून कळत नाही. ते मला आबाजींकडून कळलं.

१९७८ च्या सुमाराला काका सुट्टीवर चंद्रपूरला आले तेव्हा त्यांनी कॅसेट आणली होती. मी शाळकरी पोर, दाराशी बसून ऐकत होते. काका एकेक कडवं थांबवून आबाजींना अर्थ सांगत होते. आबाजी खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. रॉबचं मरणाचं बोलणं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. हे कोन म्हने?"

"ज्याने गाणं लिहिलं त्याचा बाप, बाबा. खदानीतच होता."

"मंग बराबर हाये," आबाजी म्हणाले, आणि जे आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगू लागले. खदानींच्या राष्ट्रीयीकरणाच्या पुष्कळ आधीची गोष्ट. राजुऱ्याकडचा एक लोडर छत कोसळून मेला. दुसऱ्या हप्त्याला दुकानाची वही टेबलावर आली. त्याच्या नावावर एकशे बारा रुपये. आबाजींनी ते पान ओलांडलं. ठेकेदार मागे उभा होता. "त्याच्या भावाच्या नावावर चढव म्हने. भाऊ बी लोडरच होता, तिथंच लायनीत उभा. म्या चढवलं, बाप्पा. माह्याच हातानं."

काकांनी कॅसेट बंद केली. आबाजी पुढे बोलतच राहिले: भावाचं नाव, गाव, त्याला पोरं किती होती. वही ठेवणारा माणूस, त्याला सगळं पाठ होतं.

दोन दिवसांनी काका आणि माझे वडील त्या गावी गेले आणि मला बरोबर घेतलं. भाऊ वारला होता. त्याचा मुलगा भेटला. १९७३ मध्ये खदानी सरकारने घेतल्यावर तो कायमचा कामगार झाला होता. पगार महिन्याला, पीएफ कापला जायचा, घराला पत्रे नवे होते. काकांनी आपण कुणाची मुलं ते सांगितलं आणि कशासाठी आलो ते सांगितलं. तो जरा वेळ आमच्याकडे बघत राहिला. काकांनी आकडा सांगितला नव्हता. तो त्यानेच सांगितला. एकशे बारा. बापाने त्याला सांगून ठेवला होता, आणि हेही, की फिटायला तीन वर्षं लागली.